कार्ल्याला न गेलेले नारळ

सावरपाड्याच्या संदेशबद्दल कुणी वाईट बोललेलं आजवर कुणी ऐकलेलं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शहापूर-मुरबाड रस्ता सोडून आत वळलं की ओढ्यापलीकडे हा पाडा, आणि तिथून रोज मोटारसायकल हाणत वाशिंदच्या पुठ्ठ्याच्या कंपनीत जाणारा हा माणूस. पाड्यातल्या बाया आपल्या पोरांना दम देताना म्हणायच्या, "जरा त्या संदेशकडं बघ." अशा माणसानं काही सांगितलं की लोक पुढे विचारत बसत नाहीत. तो म्हणतोय ना, मग खरंच असणार, एवढ्यावर गोष्ट संपते. या गोष्टीत नेमकं तेच झालं.

शाळेच्या बाबतीत तर संदेश कडक होता, आणि त्याला कारण होतं. तो लहान असताना त्याचा बाप नवसू दर पावसाळ्यात आवणीला त्याला शाळेतून काढायचा. भाताची रोपं उपटायला, मुठी बांधायला, चिखलात पोचवायला हात हवेत, आणि घरात हात तेवढेच. पोराचा दंड धरून नवसू शाळेच्या दारात उभा राहायचा आणि गुरुजींना सांगायचा, "पोरगा नेतोय, आवणी हाय." गुरुजी सगळ्या वर्गासमोर नवसूला झाडायचे. नवसू मान खाली घालून ऐकायचा आणि ऐकून झालं की पोराला घेऊन जायचा. वर्गातली पोरं खिदळायची. त्या दिवसांत शिकवलेले अपूर्णांक संदेशला कधी आलेच नाहीत, पुढे दहावीला गणितानंच त्याला आडवा केला, आणि हे सगळं त्यानं बापाच्या नावावर मांडून ठेवलं होतं. तोंडाने कधी बोलला नाही, पण मनातून काढलंही नाही.

म्हणून स्वतःची पोर योगिनी शाळेत जायला लागली तशी त्यानं गाठच बांधली. मामाचं लग्न असो, आत्याच्या घरची पूजा असो, कुणी बोलावलं की याचं एकच उत्तर ठरलेलं: "आमी येऊ, पण योगिनी नाय. शाळा असते तिची." हे तो रागाने नाही, समजुतीच्या सुरात सांगायचा, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून थोडं हसून. नातेवाईक पाठीमागे म्हणायचे, चौथीतली पोर, ही काय कलेक्टर व्हायला निघाली काय. योगिनीला गेल्या वर्षी पूर्ण हजेरीचं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. त्याच डब्यातून संदेश कंपनीत भाकरी न्यायचा आणि जेवताना झाकणावरची अक्षरं बाजूच्याला दिसतील असं झाकण ठेवायचा.

आता अशा बापाने पोरीला शाळेतून काढलं आणि तेही सहलीला न्यायला, हे कुणाला सांगून पटेल? पण बघा, आमच्याकडे शाळेच्या सुट्ट्याच अशा वेळी येतात की माणसाला सुट्टी नसते. दिवाळीत शाळा बंद, तर तेव्हा भात कापायचं, बांधायचं, झोडायचं. मे महिन्यात शाळा बंद, तर तेव्हा लग्नं, भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचे राब भाजायचे, घर शाकारायचं, आणि कंपनीत आंब्याच्या पेट्यांचं काम, रजेचं नाव काढायची सोय नाही. योगिनी दहा वर्षांची झाली तरी बाप-लेक मिळून कुठे गेले म्हणाल तर शहापूरच्या बाजारात. समुद्र तिने पुस्तकात पाहिलेला. "बाबा, पलीकडचं खरंच दिसत नाय?" असं ती दर थोड्या दिवसांनी विचारायची, आणि संदेश म्हणायचा, "जाऊ ना गो एकदा." त्याने स्वतःही समुद्र पाहिला नव्हता, हे मात्र त्याने पोरीला कळू दिलं नव्हतं.

त्या डिसेंबरात कंपनीने मशिनरीच्या कामासाठी शटडाऊन जाहीर केला. गुरुवारपासून, नाताळचा शनिवार आणि रविवार धरून, चांगली सलग सुट्टी. संदेशची बायको नम्रता टोकावड्याची. तिच्या भावाने, हरेशने, नवीनच ईको गाडी घेतलेली. हरेश हा बोलघेवडा माणूस, गप्प बसला तर आजारी पडेल असा. तो म्हणाला, "दाजी, आता नाय गेला तं पोरीच्या लग्नानंतरच जाल. काशीदला माझ्या वळखीचं घर हाय, खोली देतील. चला." संदेशने एकदा नम्रताकडे पाहिलं, एकदा योगिनीकडे. योगिनी ओटीच्या खांबाला धरून उभी होती आणि डोळे एवढे मोठे करून बापाच्या तोंडाकडे बघत होती. तो हो म्हणून गेला.

मग त्याने शाळेत फोन लावला. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि माधुरी मॅडम. मॅडम रोज कसाऱ्याहून यायच्या आणि पोरांवर जीव टाकायच्या. संदेशने आधी विचारलं, "गुरुवार-शुक्रवारी परीक्षा वगैरे नाय ना काय?"

"परीक्षा नाही," मॅडम म्हणाल्या, "पण शुक्रवारी लंगडी आहे ना संदेशभाऊ. तालुक्याला. योगिनीने सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. संदेशला माहीत होतं. केंद्राच्या सामन्यात सावरपाड्याच्या पोरींनी मोठमोठ्या शाळा हरवल्या होत्या आणि आता शहापूरच्या मैदानावर तालुक्याचा सामना होता. महिनाभर योगिनी अंगणात एका पायावर उड्या मारत होती. एका दमात तिघी-तिघींना बाद करणारी तीच एक. आणि शाळेत लंगडी घालण्याजोग्या पोरी मोजून नऊ, संघालाही लागतात नऊ. हे सगळं त्याला ठाऊक होतं, पण त्याच्या हिशेबात लंगडी म्हणजे खेळ. खेळ काय, आज नाही उद्या. शिकणं बुडत नाही म्हणजे झालं.

पण मॅडमना हे असं सांगायचं कसं? 'पोरीला समुद्रावर नेतोय' म्हणायला त्याने तोंड उघडलं. वर्गासमोर उभा असलेला नवसू त्याला आठवला. आणि मग, काही दिवसांपूर्वी हरेश थट्टेत जे म्हणाला होता, की देवाचं नाव सांगितलं की कोण अडवत नाय, ते आपोआप तोंडातून गेलं.

"नवस फेडायचाय मॅडम. कार्ल्याला, एकवीरा आईचा. योगिनी लहानपणी लय आजारी होती तवा बोललेला. पोर लागतेच."

पलीकडे मॅडमनी कॅलेंडरचं पान उलटलेलं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात नाही का जमणार?"

"तिथी तीच निघालीये."

"देवाचं काम आहे, मी कशी अडवू," मॅडम म्हणाल्या. "जाऊन या. देवीला आमच्या मुलांसाठीही हात जोडा."

संदेशने फोन ठेवला. एका खोट्याला दुसरं लागलं आणि दोन्ही चटकन खपली. नम्रताने चुलीपाशी बसून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "देवीला कशाला घातलीत मधी? पोरीच्या आजारपणाचं खोटं बोलतात काय कोण? सरळ बोलला असता तं काय खाल्लं असतं तुमाला मॅडमनी?" संदेशने योगिनीला जवळ बसवलं आणि शिकवलं: कुणी विचारलं तर सांगायचं, कार्ल्याला चाललोय, नवस हाय. योगिनीने विचारलं, "आणि मॅच?" तो म्हणाला, "मॅचेस पुढं लय होतील गो. समुद्र बघायचा नाय का?" पोर थोडा वेळ बोटाने जमिनीवर चौकोन काढत बसली आणि मग म्हणाली, "बघायचा." ओटीवर नवसू विडी ओढत बसला होता. म्हातारा ऐकायला कमी नव्हता.

एवढ्यावर राहिलं असतं तर संदेश विसरलाही असता. पण बुधवारी संध्याकाळी पाड्यातल्या पोरी दारात आल्या. पुढे संघाची कॅप्टन प्रियांका, मागे बाकीच्या सात, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक नारळ. प्रियांकाच्या नारळाला लाल धागा गुंडाळलेला. तिच्या मागे तिची धाकटी बहीण जागृती, पहिलीतली, नाक ओढत उभी. योगिनीच्या जागी नववी म्हणून आता तिलाच उतरवणार होते. अजून तिला धड लंगडीही येत नव्हती, दोन उड्या मारल्या की पाय टेकायची.

प्रियांकाची आजी भागीरथी पोरींबरोबर आली होती. तिने पदरातून हळदीकुंकवाची पुडी काढून संदेशच्या हातात दिली. "आमची कोणी जाऊ शकत नाय इतक्या लांब," म्हातारी म्हणाली. "तू भला माणूस, तुझ्या हातून पोचंल. हे सगल्या पोरींच्या नावानं फोड आईसमोर. बोल, योगिनी तुझ्याच कामाला आलीये, तवा तिच्याबिगर पोरींना संभाळून घे."

पोरींपैकी एकीनेही तोंड वाकडं केलं नव्हतं. योगिनी ऐन वेळी का चालली, असं कुणी विचारलं नाही. देवाचं काम म्हटल्यावर विचारायचं काय? संदेशला वाटलं, एखादी तरी रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. त्याने नारळ घेतले. घेतल्याशिवाय सुटकाच नव्हती. गोणीत भरले आणि पहाटे ईकोच्या मागे ठेवले.

आणि त्या नारळांनी त्याचा जीव खाल्ला. गाडी वळली की गोणीत नारळ एकमेकांवर आदळायचे आणि मागून गडगड आवाज यायचा. हरेश हसून म्हणाला, "दाजी, एकवीरा आई मागं बसून दार ठोकते जनू." नम्रताने त्याला असा डोळा दाखवला की तो पेणपर्यंत गप्प होता, आणि त्याच्या हिशेबाने ते फारच झालं.

समुद्र मात्र समुद्रच होता. काशीदच्या सुरूच्या झाडांमधून गाडी पुढे आली आणि एकदम सगळं निळं झालं. योगिनी गाडी थांबायच्या आत दार उघडायला लागली. पलीकडचं खरंच दिसत नव्हतं. ती बापाचा हात धरून पाण्यात गेली, लाट आली तशी किंचाळली, पाणी चाटून बघितलं आणि थू थू करत हसत सुटली. संदेशही हसला. पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय होतं ते त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं. त्या दिवशी त्याला वाटलं, गेलं उडत सगळं, पोर खूश आहे ना. रात्री जेवताना नम्रताही हसली.

शुक्रवारी सकाळी मात्र योगिनी पाण्यात गेली नाही. ओल्या वाळूवर तिने पायाने एक मोठा चौकोन काढला आणि त्यात एकटीच लंगडी घालत बसली. उजवा पाय उचललेला, डाव्यावर उड्या, हात पुढे, जणू समोर कुणी पळतंय. थांबायची, धापा टाकायची, परत सुरू. संदेश लांबून बघत होता. तो जवळ गेला तशी तिने विचारलं, "बाबा, आता चालू झाली असंल ना?"

"काय गो?"

"मॅच. जागृतीला सांगितलं होतं मी, कोपऱ्यात जाऊ नको, मधी राहा. ती नाय ऐकायची. ती भिते." आणि परत उड्या मारायला लागली. एक लाट आली आणि चौकोनाची एक बाजू पुसून गेली, ती तिने परत काढली. संदेश तिथेच वाळूवर बसला. पोरीच्या सुखासाठी आपण इथे आलोय असं तो समजत होता, आणि पोरगी तर शहापूरच्या मैदानावर होती. तिला समुद्र दाखवायचा होता की आपल्याला बघायचा होता, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला आणि उत्तर आवडलं नाही.

परतीच्या वाटेवर तो हरेशला म्हणाला, "गाडी कार्ल्याला घे. खरंच जाऊन येऊ. नारळ तरी फोडू."

"मी नाय येणार," मागून नम्रता म्हणाली. "खोटं झाकायला देवीच्या दारात मला नाय जायाचं. जायाचं होतं तं आधी जायाचं होतं, मॅचच्या आधी."

बरोबरच होतं तिचं. हरेश म्हणाला, "मग हितंच कुठल्या देवळात फोडा. नारळाला काय कळतंय?" आणि पेणच्या अलीकडे त्याने एका लहानशा देवळासमोर गाडी उभीसुद्धा केली. संदेश गोणी घेऊन उतरला. लाल धाग्याचा नारळ वरच होता. तो हातात घेऊन संदेश पायरीपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. काय सांगून फोडायचा? पोरींना संभाळून घे? सामना तर होऊन गेला होता. देवळातली बाई झाडू मारायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली तसा तो नारळ गोणीत टाकून परत गाडीत येऊन बसला. पुढे हरेशने एका दुकानातून पेढ्यांचा बॉक्स आणला. "परसाद," तो म्हणाला, आणि संदेशने तो गुपचूप मांडीवर घेतला. सख्ख्या मेव्हण्याला नको म्हणायलाही त्याच्यात त्राण नव्हतं.

रविवारी घरी पोचले. गोणी त्याने गुरांच्या गोठ्यात पेंढ्यामागे लपवली. सामन्याचं विचारावंच लागलं नाही, प्रियांका विहिरीवर भेटली आणि स्वतःच म्हणाली, "हरलो काका, पयल्याच मॅचला. जागृती कोपऱ्यात गेली आणि पडली, गुडघा फुटला तिचा. जाऊ दे. देवीच्या मनात नवतं." असं म्हणून ती पोरगी हंडा उचलून गेली.

सोमवारी संदेशची दुपारपाळी होती, म्हणून सकाळी योगिनीला शाळेत सोडायला तोच गेला. पेढ्यांचा बॉक्स योगिनीच्या हातात होता. पोर आत गेली, आणि मोटारसायकल लावून तो मॅडमना नमस्कार करावा म्हणून पडवीकडे आला. आतून पोरींचा आवाज येत होता, म्हणून तो भिंतीआड थांबला.

"देवी कशी हाय गो?" कुणीतरी विचारत होतं.

"लय मोठी," योगिनी सांगत होती. "हिरवी साडी, आणि नाकात एवढी नथ. पायऱ्या चढून चढून माझे पाय दुखले. तिथं माकडं हायेत, एकानं मामाच्या हातनं केळं घेतलं. मग आमी नारळ फोडले. तुमचे सगळे फुटले, एक पण कुजका नाय निघाला. प्रियांकाचा तं एका फटक्यात. मी देवीला तुमची नावं सांगितली एकेकीची."

एक अक्षर चुकत नव्हती पोर. माकड, केळं, नथ. संदेशने तिला एवढं शिकवलंच नव्हतं. त्याने शिकवलेलं होतं एक वाक्य. बाकीचं तिनं आपल्या मनानं रचलं होतं, आणि रचलं होतं ते मैत्रिणींना बरं वाटावं म्हणून. आतमध्ये कुणीतरी पेढा कपाळाला लावून खाल्ला असावा, कारण योगिनी म्हणाली, "असा नाय, उजव्या हातात घे. परसाद हाय."

संदेशला तिथे उभं राहवेना. ज्या शाळेत पोरीचा एक दिवस चुकू दिला नाही, तिथून दोन दिवस काढून तिला आपण काय शिकवलं हे त्याने कानाने ऐकलं होतं. अपूर्णांक शिकायचा राहिला तर माणूस दहावीला नापास होतो. हे शिकलेलं कुठे नेईल, याचा त्याला विचारच करवेना. तो तडक घरी आला आणि गोठ्यात जाऊन पेंढा उपसायला लागला.

नवसू ओटीवरून बघत होता. गोणी बाहेर आली तसा म्हणाला, "वाटलंच मला. नारळ नेलंस तवा म्हनलो, आता तरी कार्ल्याला जाशील, पण आल्यावं कोणी पायऱ्यांचं रडलं नाय."

"बोला, तुमी पण बोला," संदेश म्हणाला. "तुमी नवता काय काढत मला शाळेतून?"

"काढायचो ना. पोटासाठी काढायचो, आणि चुकलाच माझा. तू आजून रागावला हायेस ते म्हाईत हाय मला." म्हाताऱ्याने विडी विझवली. "पण गुरुजींच्या तोंडावं सांगायचो, आवणीला नेतोय म्हून. शिव्या मी खायचो. तुला कवा खोटं बोलाया लावला काय?"

नव्हतं लावलं. एवढी वर्षं संदेशला त्या दारातली बापाची खाली गेलेली मान तेवढी आठवत होती आणि तिची लाज वाटत होती. ती मान आपल्यावरची बोलणी स्वतःवर घ्यायला खाली गेली होती, हे त्याला आज कळलं. त्याने गोणी मोटारसायकलच्या टाकीवर घेतली आणि धीर गोळा करत दुपारी शाळेत आला.

जेवणाची सुट्टी होती. पोरं पडवीत खिचडी खात बसली होती. मॅडम वाढपावर लक्ष ठेवून उभ्या होत्या. संदेशने गोणी पडवीच्या कडेला ठेवली आणि तिचं तोंड मोकळं केलं. लाल धाग्याचा नारळ घरंगळत बाहेर आला, आणि प्रियांकाने आपला नारळ लगेच ओळखला.

तेवढ्यात त्याची नजर योगिनीवर गेली. पोर पांढरी पडली होती. ती बापाकडे बघत नकारार्थी मान हलवत होती, अगदी बारीक, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी. संदेशच्या तेव्हा ध्यानात आलं, की आपण खरं बोललो तर उघडी पडणार ती. नथ, माकड, एका फटक्यात फुटलेला नारळ, सगळं तिच्या तोंडातून गेलंय. आणि आपण गप्प बसलो तर हे ओझं तिला जन्मभर पेलायचंय. दोन्हीकडून पोरच कापली जात होती आणि सुरी त्याच्याच हातात होती.

"मॅडम," तो म्हणाला, "आमी कार्ल्याला गेलोच नवतो. नवस-बिवस काय नवता. पोरीला समुद्रावर घेऊन गेलतो, सहलीला. योगिनी सकाळी पोरींना जे काय बोलली ते मी तिला पढवलं होतं. सगळं. नथ पण मीच सांगितली, माकड पण. तिला येयाचंच नवतं, तिला मॅच खेळायची होती." थोडं खोटं यातही होतं, पण हे शेवटचं, असं त्यानं ठरवलं.

पोरी त्याच्याकडे बघत होत्या. चिडल्या होत्या का, तेही कळत नव्हतं. मग जागृती उठली. गुडघ्यावर पट्टी, हाताला खिचडी. तिने गोणीत डोकावून बघितलं.

"म्हंजे आमचं देवीला कोणी सांगितलंच नाय?" तिने विचारलं.

"नाय गो," संदेश म्हणाला.

"मग तिला कसं कळंल? म्हणून पडले मी." हे तिने तक्रार म्हणून म्हटलं नाही. तिला इतके दिवस न सुटलेलं कोडं सुटलं होतं, एवढंच. ती परत जागेवर जाऊन खायला बसली.

संदेशला वाटलं मॅडम आता झाडतील, सगळ्या वर्गासमोर, आणि तो त्यासाठी मान खाली घालून उभा होता. त्याला ते हवं होतं. पण मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, गोणी उचलून भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "ज्याचा त्याचा नारळ घरी न्या गं मुलींनो. संदेशभाऊ, तुम्हाला कामावर उशीर होईल." तो निघाला तेव्हा पोरी आपापला नारळ शोधत होत्या. योगिनी ताटात बघत बसली होती.

कामावर तो गेलाच नाही. दुपारभर ओढ्याकाठी बसून राहिला आणि शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभा राहिला. बाकीच्या पोरी घोळक्याने गेल्या. योगिनी मागून एकटी आली. दोघे पायीच निघाले, संदेश मोटारसायकल ढकलत.

"प्रियांका बोलली काय?" त्याने विचारलं.

"नाय."

"कोणीच नाय?"

"जागृती बोलली. समुद्र खरंच खारट असतो काय इचारत होती. मी नाय सांगितलं." थोडं चालल्यावर तिने दफ्तरातून कंपास काढला, उघडून बापाला दाखवला. आत शिंपले होते, पाच-सहा, रुमालात गुंडाळलेले. "सकाळी दाखवायला आणले होते. मग आठवलं, आपण कार्ल्याला गेलतो."

संदेश मोटारसायकल थांबवून म्हणाला, "माझं चुकलं गो. पण तुला समुद्र आवडला ना?"

"आवडला ना," योगिनी म्हणाली. तिने कंपास बंद करून परत दफ्तरात ठेवला. मग बापाला वाईट वाटू नये म्हणून थोडं हसली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, पुढल्या वर्षी कंपनी बंद राहिली ना, तं तुमी आन आई जा. मी आजाजवळ राहीन. शाळा असते माझी."